सायझिंग खात्यातली जागा

सोलापूर, ४ फेब्रुवारी १९७५

ईरम्मा,

तुझं पत्र पोचलं. वर आशीर्वाद लिहावा की नाही, ते ठरेना. ठरवता ठरवता चहा निवला, म्हणून नुसतं नाव लिहून पुढं चाललेय. तू घर सोडून त्या बिरप्पाशी रजिस्टर लग्न केलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता मात्र विचारायलीस की पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, तर अव्वा, मी येऊ का.

पोटुशी आहेस ही ओळ दोनदा वाचली, ते खोटं कशाला सांगू. पण विचारलंस तर उत्तर ऐक. येऊ नकोस.

एक तर मला मिलमध्ये सध्या लई काम आहे. वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळता गुंडाळता मान वर करायला सवड नाही. सुट्टी मागितली तर साहेब अंगावर येतो. मग बाळंतिणीजवळ बसायचं कोणी? निंगव्वाला शेजारीण म्हणून किती सांगायचं, तिलाही स्वतःची पोरं आहेत की.

दुसरं तुला माहीत आहे. तू ज्या घरात गेलीस तिथं मेंढरं राखतात, मेंढरं कापतात आणि मेंढरंच खातात. आपल्या घरात कुणी अंड्याचं नाव काढलं तरी तुझी आजी चूळ भरायची. तुझ्या बापाच्या माघारी मी हे घर चालवलं, ते गळ्यातल्या लिंगाची लाज राखून चालवलं. त्या ताटात जेवलेलीला मी माझ्या चुलीपुढं कशी बसवू, तूच सांग. बिरप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात खलाशी झाला, सरकारी नोकरी लागली, चांगलं झालं. पण नोकरीनं जेवण बदलत नाही.

तुझ्या गळ्यात लिंग आहे की काढून ठेवलंस, ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

पाय लटकत ठेवून बसू नकोस. उन्हात पाण्याला जाऊ नकोस. आणि पत्र पाठवायचं तर माझ्याच नावानं पाठव, निंगव्वाच्या नको, ती सगळ्या चाळीला वाचून दाखवते. सकाळी गेटवरनं आले की दिवसभर मी घरीच असते, पोस्टमन कधी आला तरी मिळतं.

अव्वा

सोलापूर, २३ फेब्रुवारी १९७५

ईरम्मा,

पकडलंस. सकाळी गेटवरनं येऊन दिवसभर घरी असतेस, मग मान वर करायला सवड का नाही, म्हणून विचारलंस. अगदी बापाची लेक. तो पण असाच होता, दहा वाक्यं ऐकून घ्यायचा आणि अकराव्याला धरायचा.

तर खरं ते असं की आमचं खातं ले-ऑफवर आहे. विजेची कपात, त्यात कापूस मिळेना, म्हणून मिलनं कापड विणायचे अर्धे साचे बंद ठेवले. साचे बंद तर आमचं वाइंडिंग कुणासाठी चालवायचं. संक्रांत झाली आणि बंद केलं.

घाबरण्यासारखं काही नाही. कायदा असा आहे की मालकाकडं काम नसलं तरी अर्धा पगार द्यावा लागतो. पण घरबसल्या नाही. रोज पाळीच्या वेळेला गेटवर हजर व्हायचं, म्हणजे आम्ही कामाला तयार होतो हे त्यांना दिसतं. सकाळी भोंगा वाजायच्या आत आंघोळ, पूजा, कपाळाला विभूती, धुतलेलं लुगडं, आणि चालत गेट. तिथं टाइमकीपर गुरुबसप्पा. आपल्याच समाजातला, तुला लहानपणी पेरू द्यायचा तो. तो एकेकीचं नाव पुकारतो. आम्ही "हजर" म्हणतो. सगळ्यांची नावं झाली की तो वही मिटतो आणि खाली बघत सांगतो, "आज काम नाही. जावा घरला." रोज तेच, आणि रोज त्याला खोकला येतो ते सांगताना.

काम नाही हे ऐकायला कामाच्या वेळेवर जायचं. एखादीला ताप आला आणि ती गेली नाही, तर त्या दिवसाचा अर्धा पगार गेला. म्हणजे काम नसताना खाडा पडतो. पहिल्या आठवड्यात आम्ही बाया यावर लई हसलो. आता कोणी हसत नाही. येताना एकमेकींशी बोलतही नाही, सगळ्या आपापल्या गल्लीला वळतात. दिवसभर काम केलं की जेवढं अंग दुखायचं नाही तेवढं आता दुखतं. कशानं दुखतं कोण जाणे.

तुझी मनीऑर्डर परत केली. पोस्टमन म्हणाला, बाई घ्या की, लेकीनं पाठवलंय. मी म्हटलं, तू टपाल वाट, सल्ले वाटू नकोस. बिरप्पाच्या पगाराला मी हात लावणार नाही. माझं चाललंय. शेंगांची चटणी आणि भाकरी, उन्हाळा तोंडावर आला की पोटाला तेवढंच बरं.

मोठी भांडी काढून टाकली. एकटीला एवढी लागतात कशाला, नुसती राखेनं घासायची आणि माळ्यावर चढवायची.

तू दूध पी. घरात मिळतं की नाही ते लिहिलं नाहीस.

अव्वा

सोलापूर, १६ मार्च १९७५

ईरम्मा,

रागात आहे, म्हणून अक्षर असं आलंय. वाचता आलं तर वाच.

सोमवारी गेटवर गुरुबसप्पानं "आज काम नाही" म्हणायच्या ऐवजी आमच्यातल्या काही जणींना बाजूला उभं केलं. म्हणाला, लेबर ऑफिसरनं बोलावलंय. आम्हाला वाटलं, खातं सुरू होतंय. निंगव्वा पण आमच्याच खात्यातली, तिनं तर तिथंच हात जोडले.

लेबर ऑफिसर म्हणजे देशमाने साहेब. माणूस वाईट नाही, पण त्याला झोप कमी पडत असावी, बोलताना डोळे चोळतो. तो म्हणाला, "वाइंडिंग अजून सुरू होत नाही. पण सायझिंग खात्यात माणसं कमी आहेत. तुम्हाला तिथं पर्यायी काम देतोय. पगार पूर्ण मिळेल. उद्यापासून या."

तुला सायझिंग माहीत नसणार. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत साच्यावर चढवायच्या आधी खळीतनं काढतात, म्हणजे ते तुटत नाही. पिठाची खळ असते, मोठ्या टाक्यात शिजवतात. तेवढंच असतं तर मी नाचत गेले असते. पण सूत मऊ राहावं म्हणून त्या खळीत चरबी टाकतात, ईरम्मा. मेंढराची चरबी. डबेच्या डबे येतात. बायांचं काम काय, तर ते डबे फोडायचे, चरबी काढून द्यायची आणि रिकामे डबे घासायचे.

मी सांगितलं, "साहेब, मला हे जमणार नाही. मी लिंगवंत आहे. माझ्या गळ्यात लिंग आहे. मी या हातानं चरबी काढून त्याच हातानं पूजा कशी करू?"

"घरी जाऊन आंघोळ करा की."

"आंघोळीनं जात असतं तर मी लेकीला घरी आणली असती."

हे मी का बोलले काय माहीत. त्याला काही कळलं नाही. त्यानं डोळे चोळले आणि म्हणाला, "बाई, नीट ऐका. पर्यायी काम दिलं आणि तुम्ही नाकारलंत, तर ले-ऑफचा अर्धा पगार पण बंद होतो. कायदा आहे. मला तुमचं वाईट करायचं नाही. विचार करा."

"विचार झालाय. नाही म्हणजे नाही."

बाकीच्या गप्प बसल्या. गप्प बसणं हेच शहाणपण होतं, ते मला नंतर कळलं. निंगव्वा दुसऱ्या दिवशी सायझिंगमध्ये गेली, दुपारी पोटात दुखतंय म्हणून विम्याच्या दवाखान्यात गेली आणि आजारपणाची चिठ्ठी घेऊन आली. आता तिला घरात बसून विम्याचे पैसे मिळतात. ती पण लिंगवंतच आहे, तिलाही चरबी नको होती. पण तिनं तोंड उघडलं नाही. मी एकटीच बोलले, आणि साहेबानं तिथल्या तिथं ले-ऑफच्या यादीतनं माझं नाव खोडलं.

मला त्याची खंत नाही. मी तुझ्या वेळेला जे बोलले तेच आताही बोलले. माणसानं एका तोंडानं बोलावं.

आता गेटवर पण जायचं नाही. सकाळी भोंगा वाजतो आणि मी उठून बसते. मग आठवतं.

अव्वा

सोलापूर, ३ एप्रिल १९७५

ईरम्मा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तू म्हणतेस, मिल सोड, कुठंतरी दुसरं बघ. बघायलाच गेले होते. त्याची गोष्ट ऐक.

नोकरी नसलेल्यांची नावं घेतात ती सरकारी कचेरी. एम्प्लॉयमेंटची कचेरी म्हणतात तिला. सकाळी गेले तर माझ्या आधी जिन्यापर्यंत माणसं. सगळी पोरं, पँटवाली, हातात सर्टिफिकिटं. एकानं मला विचारलं, "मावशी, मुलासाठी आलात का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. तो बाजूला सरकला आणि मला भिंतीला टेकायला जागा दिली. बी.कॉम. झालेला होता बिचारा. दर वेळेला येतो आणि कार्डावर शिक्का मारून घेऊन जातो, म्हणाला. नोकरी लागते का, विचारलं. म्हणाला, शिक्का लागतो.

कारकुनानं मला आत एका साहेबाकडं धाडलं. मार्गदर्शन करणारा साहेब म्हणे. बिडवे नाव, तरणा, पुण्याकडचा असावा, बोलणं शुद्ध. खुर्ची दिली मला. मिलमध्ये इतकी वर्षं काढली, तिथल्या साहेबांनी कधी खुर्ची दिली नव्हती.

"शिक्षण?"

"मराठी चौथी."

"अनुभव?"

"वाइंडिंगचा. तुमच्या शाळेच्या आधीपासनं."

तो हसला. "सध्या बेकार आहात?"

"हो."

"मिलनं कधी काढलं?"

"काढलं नाही. ले-ऑफ आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग बाई, तुम्ही बेकार नाही. मिलच्या मस्टरवर तुमचं नाव आहे. मी तुमचं नाव इथं बेकार म्हणून घेऊ शकत नाही."

"मस्टरवर नाव आहे, पण पगार नाही."

"अर्धा मिळत असेल ना?"

मग सगळं सांगावं लागलं. सायझिंग, चरबी, सगळं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "असं करा, राजीनामा द्या, तसा दाखला आणा. मग मी तुमचं नाव घेतो."

"मग काम मिळेल?"

"बोलावणं येईल."

"कधी?"

त्यानं दाराबाहेरच्या रांगेकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. खोटं बोलला नाही, एवढं चांगलं केलं. राजीनामा दिला तर इतक्या वर्षांची मिल हातातली जाते, खातं उद्या सुरू झालं तरी मला कोण घेणार. आणि नाही दिला तर मी बेकार नाही. म्हणजे मिलच्या हिशेबानं मी काम नाकारणारी, सरकारच्या हिशेबानं मी कामावर असलेली, आणि घरात चूल एकवेळ पेटते. हे मी त्याला म्हटलं. चुलीचं म्हटलं नाही. तुला पण म्हणायचं नव्हतं, पण आता लिहिलंय तर असू दे, खोडलं की जास्त दिसतं.

त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "स्वयंपाक येतो ना? एका वसतिगृहाला बाई पाहिजे. कचेरीतून नाही, मी ओळखीनं सांगतो. फक्त रविवारी मुलांना मटण असतं."

मी उठलेच. तर तो म्हणाला, चिडवायला नाही, खरंच विचारायला म्हणाला, "बाई, तुम्ही नेसलेलं लुगडं मिलचंच आहे. त्याच्या सुताला विणताना हीच खळ लावली असणार. ते चालतं?"

"धुतलं की जातं ते."

"मग हात धुतले की जात नाही?"

ईरम्मा, मी त्याला विचारलं, "तुम्हाला आई आहे का?" आहे म्हणाला. "तिला जाऊन विचारा हे," म्हटलं आणि जिना उतरले. रागानं उतरले. येताना सगळ्या रस्त्याला माणसांच्या अंगावरचे कपडेच बघत आले. धोतरं, चादरी, लुगडी. ज्या स्वामींच्या पाया पडते त्यांच्या खांद्यावरची भगवी शाल पण कुठल्यातरी मिलचीच.

मठात गेले होते नंतर. स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "मन शुद्ध ठेव." मनाचं मी विचारलं नव्हतं, हाताचं विचारलं होतं.

लई दमलेय. तू परत विचारलंस, येऊ का म्हणून. काय सांगू तुला? बाळंतिणीला तूप लागतं, डिंक लागतो, पाणी तापवायला बंब लागतो. तो मी विकला. आता तुला कळलं की मी नको का म्हणतेय. नुसतं त्या मेंढरांमुळं नाही.

अव्वा

सोलापूर, १८ एप्रिल १९७५

ईरम्मा,

काल दुपारी तुझी सासू आली होती. तू पाठवली नव्हतीस, ते तिनं आल्या आल्या शपथेवर सांगितलं.

ऊन असं की चाळीतली कुत्री पण नळाखाली. बघते तर दारात केराबाई उभी. डोक्यावर घोंगड्यांचं गठुडं, बाजारात विकायला आणलेल्या. गठुडं उतरवून उंबऱ्याबाहेर बसली, पिशवीतनं स्वतःचा तांब्या काढला आणि स्वतःचं पाणी प्याली. मी आत ये म्हटलं नाही. तिनंही वाट बघितली नाही.

"ईनबाई," म्हणाली, "मी हितंच बसते. तुमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाय. मला फकस्त पोरीचं सांगायचं हाय."

मी म्हटलं, सांगा.

"पाय लई सुजल्यात तिचं. दिस भरत आल्यात. झोपंत अव्वा अव्वा करती. मी बाळतपण करीन की, मला काय नवं न्हाय. मेंढ्यांची केली, बायांची केली. पर पयली खेप हाय, ईनबाई. आईचा हात लागाय पायजे."

जे नेहमी बोलते तेच मी बोलले. "तुमच्या घरचं खाऊन ती माझ्या घरात कशी येईल, केराबाई? माझ्या घरात लिंगाची पूजा आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "काय खाऊन?"

"तुमच्यात शिजतं ते."

"आमच्यात काय शिजतं, त्ये तुमाला कुनी सांगितलं?" आवाज चढला नव्हता तिचा. "सून घरात आल्यापास्नं आमच्या चुलीवर मटान चढलं न्हाय. गावाकडं जत्रंत भावकी करती, ती तितंच खाऊन येती. बिरप्पाला वाटलं तर टेसनाजवळच्या खानावळीत जातुया, चूळ भरून घरात येतुया. मी तर सोडलंच. तसं बी दात कुटं ऱ्हायल्यात." आणि हसली. खरंच दात नाहीत.

मी विचारलं, "आणि तिचं लिंग?"

"रोज सकाळी न्हाऊन हातावर लिंग घिऊन बसती की. तिचं हुईपतूर आमी चा बी मागत न्हाय."

मी म्हटलं, "हे तिनं मला का लिहिलं नाही?"

"तुमी इचारलं व्हतं का?"

खरंय. मी फेब्रुवारीत लिहिलं होतं, मी विचारत नाही. मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. आणि तू तशीच, न विचारलेलं सांगायचं नाही म्हणून बसलीस. तुला मी काय म्हणू आता? एक शब्द लिहिला असतास तर काय बिघडलं असतं? मला लई राग आला तुझा, आणि केराबाईसमोर रडू पण आलं. ती घोंगड्यांची गाठ सोडून परत बांधत बसली, मला वेळ मिळावा म्हणून.

मग तिनं उंबऱ्यावरनं आत डोकावून बघितलं. "बंब कुटं हाय? बाळतिणीला पानी कशात तापवायचं?"

विकला म्हटलं. तिनं घर बघितलं, रिकामा माळा बघितला, माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं. कुणाला सांगू नका म्हटलं, तर म्हणाली, "सांगून काय करू. माझ्याकडं हंडा हाय."

मी म्हटलं, "आत या, विहीणबाई." पहिल्यांदा म्हटलं तिला तसं. आली नाही. गाडी चुकंल म्हणाली, गठुडं डोक्यावर घेतलं आणि गेली. एक घोंगडी पण विकली गेली नव्हती तिची.

सकाळी भोंग्याला गेटवर जाणार आहे. देशमाने साहेबाला भेटायचंय. ते झालं की लिहीन.

अव्वा

सोलापूर, २७ एप्रिल १९७५

ईरम्मा,

अनेक आशीर्वाद. या वेळेला चहा निवू दिला नाही.

मी सायझिंगमध्ये लागले. साहेबानं सहजी घेतलं असं नाही. "तेव्हा एवढ्या जोरात नाही म्हणालात, आता काय झालं?" म्हणाला. मी सांगितलं, "लेक बाळंतपणाला यायचीय." त्यानं डोळे चोळले. म्हणाला, "आधी सांगायचं की हे." आधी काय सांगायचं, मी तुला बोलावीन हे मला तरी कुठं माहीत होतं. गुरुबसप्पानं गेटमधनं आत सोडताना माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, तुच्छ समजतोय. नंतर हळूच म्हणाला, "अक्का, मी पण सुरुवातीला तिथंच होतो." इतकी वर्षं त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

पहिला दिवस सांगते, परत कधी सांगणार नाही. वाफेनं जीव गुदमरतो. मुकादम येडू म्हणून एक म्हातारा आहे, त्यानं डबा फोडून दिला. आत पांढरं, थिजलेलं, तुपासारखं दिसतं, तेच वाईट. पहिल्यांदा हात घातला आणि बाहेर जाऊन ओकले. येडू म्हणाला, बाई, घरी जावा, मी काही सांगत नाही कुणाला. मी तोंड धुऊन परत आले. दुसऱ्या डब्याला ओकले नाही. आता सवय व्हायलीय, आणि सवय होतेय याचंच लई वाईट वाटतं.

लिंग काढून ठेवलं नाही. काढून घरी ठेव म्हणणाऱ्या बाया भेटल्या, निंगव्वा त्यांत पहिली. जन्मल्यापासनं काढलं नाही ते आता काढू का? लुगड्याच्या आत घट्ट बांधून घेते. जे करतेय ते त्याच्यादेखत करतेय, त्याच्यामागं नाही.

तुझ्यासाठी म्हणून करतेय असं मनाला घेऊ नकोस. पोटासाठी पण करतेय. पूर्ण पगार आहे, दूधवाल्याला सांगितलंय, डिंक आणून ठेवलाय. कुर्डुवाडीहून सकाळच्या पॅसेंजरनं ये, उन्हं तापायच्या आत पोचशील. मी पाळीला असेन, किल्ली निंगव्वाकडं. विहीणबाईंना सोबत घेऊन ये, हंड्यासकट. मी मिलमध्ये असताना तुझ्याजवळ त्या बसतील. घरात बसतील, उंबऱ्यावर नाही, हे त्यांना माझ्या नावानं वाचून दाखव. बिरप्पाला सुट्टी मिळाली तर त्यालाही ये म्हण. त्याच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण जेवायला वाढीन.

त्या वाढण्यावरच अडलंय बघ. दोन दिवस झाले, हे कसं लिहावं कळत नव्हतं.

तू मटण खाणाऱ्यांच्या घरात राहून हात तसेच ठेवलेस. मी माझ्या घरात राहून माझे असे करून घेतले. येते तेव्हा दोनदा आंघोळ करते, राखेनं घासते, लिंबू चोळते, तरी नखांत वास राहतो. आता तू सांग, माझ्या हातची भाकरी तुला चालेल का? नसेल चालत तर भीड धरू नकोस, मला राग येणार नाही. मी पिठाला हात लावणार नाही. विहीणबाई थापतील भाकऱ्या, आणि आपण दोघी त्यांच्या हातच्या खाऊ.

अव्वा